स्वस्त रंधा घेताना : कोणता ऐब चालतो, कोणता चालत नाही

कपड्याच्या बाजारात एक जुनी रीत आहे. नवीन थान समोर आले की अनुभवी खरीददार रंग पाहण्याआधी कापडाचे टोक दोन्ही अंगठ्यांत धरून चोळतो. खळ जास्त असेल तर पांढरी पूड पडते आणि खालची विरळ वीण उघडी होते. खळीने कापड जड आणि भरीव वाटते, पण पहिल्या धुण्यात ते वजन पाण्याबरोबर निघून जाते.

हार्डवेअरच्या दुकानातील स्वस्त लोखंडी रंध्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. चकचकीत रंग, निकेलची झळाळी आणि छापील खोका ही त्यांची खळ आहे. खाली ओतीव लोखंड कसे आहे, ते घासून सरळ केले आहे की नुसते रंगवले आहे, हे खोक्यावर लिहिलेले नसते. कापड चोळून पाहणारे आपलेच बांधव हत्यार मात्र खोक्यासकट उचलतात. कारागिराची रोजी ज्यावर चालते त्या वस्तूची पारख कापडाइतकी तरी व्हावी, एवढ्यासाठीच हा लेख.

आता कोणी म्हणेल, प्लायवूड आणि बिजलीच्या यंत्रांच्या जमान्यात हाताच्या रंध्याचे काय काम? काम आहे. पावसाळ्यात फुगलेला दरवाजा चौकटीत बसवायचा, प्लायच्या कडेला लावलेली सागवानी पट्टी समपातळीला आणायची, ड्रॉवर अर्ध्या सुताने अडतो तो मोकळा करायचा, ही कामे आजही हातानेच होतात. ज्याच्याजवळ मोठ्या यंत्रासाठी भांडवल नाही, त्या नव्या कारागिराचे तर पहिले हत्यारच रंधा असते. तो हजारभर रुपयांत रंधा घेतो, सागवानावर चालवतो, लाकूड उचकटते, आणि उस्ताद म्हणतो, “तुझा हात बसलेला नाही.” पुष्कळदा हात ठीक असतो, रंधाच बसलेला नसतो. अशा दोन-चार बोलण्यांनी हुन्नर सोडून दुसऱ्या धंद्याला लागलेली मुले आपल्या मोहल्ल्यांत आहेत.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

पहिली गोष्ट अशी की, स्वस्त रंधा घेणे ही चूक नव्हे. हिशेब करून पाहू. समजा, साधा रंधा १,००० रुपयांना आहे आणि चांगल्या नावाचा ४,००० रुपयांना. कारागिराची मजुरी दिवसाला ८०० रुपये धरली तर तासाला १०० रुपये पडतात. साधा रंधा घरी आणून पाच तास घासला तर ५०० रुपयांची मेहनत त्यात गेली. पाते हलके निघाले म्हणून दुसरे ५०० रुपयांचे घेतले. एकूण २,००० रुपयांत कामाचा रंधा झाला, तरी २,००० रुपये वाचलेच.

पण तोच रंधा मुळात पिळलेला असेल तर? पाच तास गेले, पाते गेले, रंधा कोपऱ्यात पडला आणि शेवटी ४,००० रुपये मोजावेच लागले. म्हणजे नफा-नुकसान दुकानातील भावावर ठरत नाही, ऐब कोणत्या जातीचा आहे यावर ठरते. स्वस्त रंध्यात ऐब असणारच. काही ऐब दगडावर, कानशीवर आणि पॉलिश पेपरवर निघतात, काही कशानेच निघत नाहीत. ही दोन खाती वेगळी करता आली की पारख आली.

नमुना जुना आहे, फरक कामात आहे

आज बाजारात जो लोखंडी रंधा मिळतो, त्याचा नमुना अमेरिकेतील बोस्टनच्या लिओनार्ड बेली या कारागिराचा आहे. १८६९ साली स्टॅन्ली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. हक्कांची मुदत संपल्यावर जगभरच्या कारखान्यांनी तोच नमुना उचलला. इंग्लंडमधील शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने १९३१ साली असे रंधे काढले. आपल्याकडे जालंधर हे हत्यारांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून असा माल राज्यभर जातो.

नमुना एकच असल्यामुळे महाग आणि स्वस्त रंधा लांबून सारखेच दिसतात. दोन्हींत तेच भाग. खाली ओतीव लोखंडाचा तळ, तळात पाते बाहेर येण्याची फट म्हणजे तोंड, आत पाते टेकण्याची ४५ अंशांची उतरती बैठक, त्यावर पाते, पात्यावर स्क्रूने आवळलेली दुसरी पट्टी, आणि सर्वांवर दाब देणारी झाकणपट्टी. पाते खालीवर करायला मागे पितळी चाक, डावीउजवीकडे करायला छोटी दांडी. फरक एवढाच की महाग रंध्यात हे भाग यंत्रावर नीट घासून एकमेकांवर बसवलेले असतात, स्वस्तात ती मेहनत वाचवलेली असते. वाचवलेली मेहनत कुठे आहे, ते शोधणे म्हणजेच पारख.

सुरुवातीला चार नंबरचा रंधा घ्यावा. त्याची लांबी सुमारे साडेनऊ इंच, पाते दोन इंच आणि वजन पावणेदोन किलोच्या आसपास असते. हातात घेतल्यावर फारच हलका वाटला तर लोखंड कुठेतरी पातळ केले आहे किंवा आतली बैठक ओतीव नसून पत्र्याची आहे, असे समजून पुढे तपासावे.

दुकानात जाताना काय न्यावे?

एक फुटी स्टीलची पट्टी, एक स्क्रूड्रायव्हर, सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या, झेरॉक्सच्या कागदाची एक चिंधी आणि छोटी बॅटरी एवढे पुरे. स्टीलची पट्टी सरळ आहे की नाही हे आधी घरी पाहावे. तिच्या कडेने बारीक रेघ ओढावी, पट्टी उलटवून त्याच दोन टोकांमधून पुन्हा ओढावी. दोन रेघा एकमेकींवर आल्या तर पट्टी खरी.

तळाची तपासणी

पाते आत घ्यावे, पण झाकणपट्टी कामाच्या वेळेइतकीच आवळलेली ठेवावी, कारण त्या दाबाने तळ किंचित बदलतो. रंधा उलटा धरून पट्टी कडेवर उभी ठेवावी आणि उजेडाकडे पाहावे. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या कर्णांवर, अशी चार वेळा.

पूर्ण तळ आरशासारखा सरळ असण्याची गरज नाही. तीन जागा एका पातळीत हव्यात : पुढचे टोक, तोंडाच्या अगदी पुढची पट्टी आणि मागचे टोक. यातली तोंडापुढची जागा सर्वांत महत्त्वाची. पाते लाकूड उचलते तेव्हा त्याच्या पुढचे लाकूड दाबून धरण्याचे काम हीच जागा करते. तिथे खड्डा असेल तर लाकूड दाबले जात नाही, रेषा वर उठतात आणि उचकटतात. नव्या मुलाच्या हाताला जो दोष दिला जातो त्याचे एक मोठे कारण इथेच आहे.

पट्टीखाली फट दिसली तर कागदाची चिंधी सरकवून पाहावी. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो. कागद जात नसेल तर काम थोडे आहे. कागद सहज आरपार जात असेल तर तो रंधा ठेवून दुसरा मागावा. त्याच नंबरचे पाच रंधे काढायला लावले तर पाचही वेगळे निघतात, असा अनुभव येईल. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

मध्ये खोलगट तळ एक वेळ चालतो, कारण घासताना टोके टेकून राहतात आणि तळ हळूहळू सरळ होतो. मध्ये फुगलेला तळ टाळावा, कारण घासताना रंधा डुलतो आणि फुगवटा गोल होत जातो.

आता सर्वांत वाईट ऐब, म्हणजे पीळ. दोन सरळ पट्ट्या घेऊन एक तळाच्या पुढच्या टोकावर आणि एक मागच्या टोकावर आडवी ठेवावी आणि डोळा खाली आणून एकीच्या वरून दुसरीकडे पाहावे. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर ठीक. एक बाजू वर, दुसरी खाली दिसली तर तळ पिळलेला आहे. ओतीव लोखंड थंड होताना त्यात ताण राहतो. तो ताण निघण्याआधीच घाईने घासलेला माल नंतर वाकडा होऊ शकतो. ठळक पीळ हाताने काढणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी घालवणे होय. असा रंधा फुकट मिळाला तरी महागच.

तळ आणि बाजू यांचा काटकोन थोडा चुकला तर घाबरू नये. रंधा आडवा पाडून कडा काटकोनात काढायच्या असतील तरच तो लागतो.

बैठक आणि तोंड

झाकणपट्टी आणि पाते काढायला बहुतेक दुकानदार हरकत घेत नाहीत. जो हरकत घेतो त्याच्याकडून स्वस्त रंधा घेऊच नये. पाते निघाले की बॅटरी लावून बैठक पाहावी. पाते टेकते तो भाग यंत्राने घासलेला, स्वच्छ लोखंडाचा हवा. तिथे रंगाचा जाड थर, दाणे किंवा उंचवटे असतील तर पाते दोन-तीन ठिकाणीच टेकते आणि कठीण लाकडावर थरथरते. रंध्यातून कर्र असा आवाज येतो आणि लाकडावर आडव्या लाटा उठतात, त्या याच थरथरीच्या.

वरचा रंग आणि बारीक उंचवटे कानशीने निघतात. पण बैठक तळाच्या अंगावर जिथे बसते तिथे ती डुलत असेल तर सावध व्हावे. स्क्रू किंचित सैल करून बैठक कोपऱ्यांवर दाबून पाहावी. टकटक वाजली तर खालची जागा नीट घासलेली नाही. तिथे कानस पोचत नाही, म्हणून हा न निघणारा ऐब.

तोंडाची फट पात्याच्या धारेला समांतर हवी. अरुंद किंवा किंचित तिरपी असेल तर बारीक कानशीने सुधारते. फार रुंद असेल तर बैठक पुढे सरकवून थोडी भरून काढता येते, पण कापलेले लोखंड परत जोडता येत नाही. तोंडाजवळ ओतकामाची छिद्रे किंवा कोपऱ्यात केसासारखी चीर दिसली तर रंधा परत. ओतीव लोखंड वाकत नाही, फुटते, आणि फुटायला सुरुवात बहुधा याच कोपऱ्यांतून होते.

पात्याची परीक्षा

पाते वाईट निघाले तर बदलता येते, म्हणून ते शेवटी पाहावे. आधी त्याची सपाट पाठ पाहावी. धारेलगतच्या अर्ध्या इंचात ती सपाट हवी. मध्ये थोडा खोलवा असेल तर दगडावर निघतो. फुगवटा असेल किंवा पाते लांबीत पिळलेले असेल तर सोडावे.

पाणी किती आहे हे डोळ्याला दिसत नाही. चांगल्या पात्याचे पोलाद साधारण ५८ ते ६२ रॉकवेल इतके कठीण असते. दुकानदाराची परवानगी असेल तर धारेच्या कोपऱ्यावर बारीक कानस एकदाच हलके फिरवावी. कानस घसरली किंवा जेमतेम ओरखडा उठला तर पाणी आहे. साबणावर चालावी तशी चावली तर पोलाद मऊ आहे. पात्याचे वरचे टोक मुद्दाम मऊ ठेवलेले असू शकते, म्हणून तिथे कानस लावून निकाल देऊ नये.

धारेवर निळसर डाग दिसले तर कारखान्यात ग्राइंडरवर ते तापलेले आहे. निळे झालेले पोलाद मऊ पडते. डाग धारेपुरताच असेल तर तेवढा भाग घासून खाली चांगले पोलाद मिळू शकते. म्हणून नव्या पात्याबद्दलचे मत पहिल्या धारेवर बनवू नये. दोन-तीनदा धार लावून मग सागवानाच्या कडेवर चालवावे. धार मुडत असेल तर पोलाद मऊ आहे. धारेचे कण झडत असतील तर ते फाजील कठीण आहे. धार तीस अंशांच्या आसपास असावी. त्याहून बारीक कोनावर चांगले पातेही झडते, आणि दोष पोलादाला लागतो.

पात्यावरची दुसरी पट्टी पात्याला धारेपाशी चिकटून बसली पाहिजे. दोन्ही आवळून उजेडाकडे धराव्यात. मध्ये उजेड दिसला तर तिथे लाकडाचे छिलके अडकून तोंड भरेल. हा ऐब दगडावर दहा मिनिटांत निघतो. ही पट्टी धारेपासून साधारण एक मि.मी. मागे ठेवावी, आणि उलटसुलट रेषांच्या लाकडासाठी अर्ध्या मि.मी.वर आणावी. पुष्कळ कारागीर ती कुठेही आवळतात आणि उचकटलेल्या लाकडाचा दोष रंध्याला देतात.

पितळी चाकाला अर्धा-पाऊण फेरा ढील असणे या नमुन्यात स्वाभाविक आहे, त्यावरून माल नापास करू नये. मात्र आटे खाल्लेले असतील, चाक घसरत असेल किंवा झाकणपट्टी आवळूनही पाते हाताने हलत असेल तर घेऊ नये. मूठ प्लास्टिकची असली तरी काम चालते. मूठ कारागीर स्वतः शिसमाची करू शकतो.

घरी आणल्यावर

जाड काचेच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा. पाते आत घेऊन, झाकणपट्टी आवळून, तळावर पेन्सिलीच्या रेघा माराव्यात आणि रंधा लांबीत सरळ घासावा. रेघा कुठे पुसल्या, कुठे राहिल्या, यावर तळ स्वतःच आपली हकिकत सांगतो. वर सांगितलेल्या तीन जागांवरील रेघा गेल्या की थांबावे आणि २२० नंबरच्या पेपरवर हात फिरवावा. सर्व रेघा घालवण्याच्या हट्टात लोखंड आणि वेळ दोन्ही जातात. धारदार राहिलेल्या बाहेरच्या कडा कानशीने मोडाव्यात, थोडे तेल लावावे. एवढ्या मेहनतीनंतर सागवानाच्या कडेवरून एकसंध, पातळ छिलका निघाला तर सौदा जमला.

जुना रंधा आणि लाकडी रंधा

मुंबईच्या चोर बाजारात किंवा गावोगावच्या भंगारवाल्यांकडे जुने रंधे मिळतात. वरचा गंज पाहून ते नाकारू नयेत. तेल आणि पेपरने गंज जातो. पण पात्याच्या पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर पाते गेले. सर्व भाग काढून मोकळ्या अंगावर लाकडाने हलके ठोकावे. खणखणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर चीर शोधावी.

ज्याचे बजेट याहून कमी आहे त्याने लाकडी रंध्याला कमी लेखू नये. शिसमासारख्या कठीण, वाळलेल्या, सरळ रेषांच्या ठोकळ्याचा रंधा कारागीर स्वतः बनवतो, विकत घ्यायचे असते ते फक्त पाते. म्हणजे सगळा पैसा पोलादावर खर्च होतो. पाचर दोन्ही बाजूंनी सारखी बसली पाहिजे आणि तोंडाजवळ तडा नसावा, एवढे पाहावे. पावसाळ्यात तो फुगतो, पण दुसऱ्या रंध्याने त्याचा तळ पुन्हा सरळ करता येतो. लोखंडी रंध्यात जो ऐब पाच तास घेतो तो इथे काही मिनिटांचा आहे.

दुकानदार बांधवांसाठी

आता थोडे आपल्याच बाजूचे. आज मुले मोबाईलवर रंधा मागवतात. तिथे पट्टी लावून पाहता येत नाही, पण माल परत करण्याची मुदत मिळते. ही दोन्ही सोय देणारा दुकानदार त्यांना हवा आहे. काउंटरवर एक खरी पट्टी ठेवावी. एक रंधा उघडून, घासून, धार लावून नमुन्याला ठेवावा आणि शेजारी सागवानाचा तुकडा. नवा लॉट आला की स्वतः पट्टी लावून पिळलेला माल वेगळा काढावा आणि घाऊकवाल्याला परत करावा. बाकीच्या मालाबद्दल गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, “भाई, याला चार-पाच तास घासावे लागेल, मग चालेल.” ऐब सांगून विकलेला माल भांडायला परत येत नाही. गिऱ्हाईक परत येते, तेही पटाशी आणि करवत घ्यायला.

आणि कारखान्यातील उस्तादांना एकच विनंती. नवा शागीर्द रंधा घेऊन आला की पहिल्या दिवशी त्याच्याकडून लाकूड घासून घेऊ नका. रंधा उघडायला लावा, पट्टी धरायला लावा, तळ आणि धार त्याच्याच हातून सरळ करून घ्या. त्यानंतरही लाकूड उचकटले तर खुशाल म्हणा की हात बसलेला नाही. मग तो हात बसवायला वेळ लागणार नाही.